व्हीलूकअपचं चौथं आर्ग्युमेंट

स्प्रेडशीट शिकवणाऱ्या कुठल्याही लॅबमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते. रोल नंबर दिला की तक्त्यातून त्याचे मार्क शोधून आणणारा एक्सेलचा व्हीलूकअप फॉर्म्युला सांगितला तसाच टाकला, दोन-तीन रोल नंबर घालून पाहिले तर मार्क बरोबर आले, आणि पुढच्या नंबराला मात्र भलत्याच विद्यार्थ्याचे मार्क. एररही नाही. मग ‘एक्सेल गंडलंय’, ‘फाइलमध्ये व्हायरस आहे’ असे निष्कर्ष निघतात आणि कुणीतरी कॉम्प्युटर रीस्टार्ट करतं. त्यानंतरही चूक येते, आणि तीही तीच. दर वेळी तीच चूक येत असेल तर तिच्यामागे नियम आहे, आणि तो कागद-पेन्सिल घेऊन तपासता येतो.

सात ओळींचा तक्ता घ्या. पहिल्या कॉलममध्ये वरून खाली रोल नंबर असे: ११२, १०५, १३०, ११८, १०१, १२७, १०९. शेजारच्या कॉलममध्ये मार्क. व्हीलूकअपला कंसात तीन गोष्टी (त्यांना आर्ग्युमेंट म्हणतात) सांगाव्याच लागतात: काय शोधायचं, कुठल्या तक्त्यात, आणि सापडल्यावर कितव्या कॉलममधलं उत्तर द्यायचं. चौथं आर्ग्युमेंट ऐच्छिक असतं, म्हणून बरेच जण ते सोडून देतात. सोडलं की एक्सेल ते ‘ट्रू’ धरतं. ट्रू म्हणजे: पहिला कॉलम चढत्या क्रमाने लावलेला आहे, आणि नेमका आकडा नसेल तर त्याच्या लगतचा लहान आकडा चालेल.

तक्ता क्रमाने आहे असं एकदा मानलं की शोधायची रीत बदलते. वरून एकेक ओळ बघत यायचं कारण उरत नाही. थेट मधल्या ओळीवर जायचं. हवा असलेला आकडा तिथल्यापेक्षा मोठा असेल तर वरचा अर्धा भाग बाद, लहान असेल तर खालचा. उरलेल्या भागात पुन्हा तेच. याला द्विभाजन शोध म्हणतात.

आता १३० शोधू. मधली ओळ चौथी, तिथे ११८. १३० मोठा, म्हणून पहिल्या चारही ओळी बाद (१३० तिथेच तिसऱ्या ओळीत बसलाय, पण तिकडे आता कुणी फिरकणार नाही). पाचवी ते सातवी उरल्या, त्यांतली मधली सहावी: १२७. १३० अजून मोठा. उरली सातवी: १०९. तोही लहानच. ओळी संपल्या, शोध जिथे थांबला तोच आकडा ‘लगतचा लहान’ ठरला, आणि १३० नंबरच्या विद्यार्थ्याला १०९ चे मार्क मिळाले.

११२ चं काय होतं? ११८ त्याहून मोठा, म्हणून वरच्या तीन ओळी उरल्या. मधल्या ओळीत १०५, तो लहान, म्हणून खाली सरकायचं. तिथे १३०, तो मोठा. उत्तर १०५ चं. पहिल्याच ओळीत असलेला ११२ एकदाही पाहिला गेला नाही.

सातही नंबर असे तपासले तर ११८, १०५ आणि १२७ यांची उत्तरं बरोबर येतात, कारण ते वाटेवरच भेटतात. १३०, ११२ आणि १०९ यांची चुकतात. १०१ ला #एन/ए येतं, म्हणजे ‘सापडलं नाही’. लॅबमधली गंमत इथे आहे: विद्यार्थ्याने चाचणीसाठी नेमके ११८ आणि १२७ निवडले असतील, तर फॉर्म्युला बरोबर असल्याची त्याची खात्रीच पटेल.

मग असा धोकादायक डीफॉल्ट ठेवायचाच कशाला? एक कारण वेग. एक्सेलच्या आजच्या शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी असतात, म्हणजे बरोबर २ चा २० वा घात. त्यात द्विभाजनाला विसेक तुलना पुरतात. वरून खाली चाळत गेलं तर दहा लाखांहून जास्त लागू शकतात. दुसरं कारण श्रेणी देण्याचं काम. ०, ४०, ६०, ७५ असा क्रमाने लावलेला तक्ता ठेवला की ६७ मार्कांना आपोआप ६० ची श्रेणी मिळते. तिथे ‘लगतचा लहान’ हेच हवं असतं. फक्त सुरुवात ० पासून करा, नाहीतर ३५ मार्कवाल्याला #एन/ए दिसेल.

रोल नंबरसाठी मात्र चौथ्या जागी ‘फॉल्स’ किंवा ० (म्हणजे नेमकाच आकडा हवा) लिहायचंच. नव्या आवृत्त्यांतलं एक्सलूकअप मुळातच नेमकी जुळणी शोधतं. आकडा कितव्या जागी आहे ते सांगणाऱ्या मॅच फंक्शनचा डीफॉल्ट मात्र अजून जुनाच, म्हणजे क्रम गृहीत धरणारा, आहे.

फॉल्स लिहिल्यावर नवी तक्रार सुरू होते: आकडा समोर दिसतोय, तरी #एन/ए. बहुतेक वेळा एका तक्त्यात १०१ हा आकडा असतो आणि दुसऱ्यात तोच टेक्स्ट म्हणून साठवलेला असतो. सेलमध्ये आकडा डावीकडे चिकटलेला दिसला की संशय घ्या. टेक्स्टच्या शेवटी चुकून पडलेली स्पेस ट्रिम फंक्शनने जाते, पण वेबपेजवरून कॉपी केलेली स्पेस पुष्कळदा १६० क्रमांकाचं अक्षर असते आणि ट्रिम तिला हात लावत नाही. तिच्यासाठी एका अक्षराच्या जागी दुसरं घालणारं सबस्टिट्यूट वापरावं लागतं. फॉर्म्युला खाली ओढताना तक्त्याचा पत्ता सरकू नये म्हणून एफ४ दाबून $ची चिन्हं लावायची, हे तर आहेच.

‘आता एआय फॉर्म्युला लिहून देतं, हे शिकायचं कशाला’ असं म्हणणाऱ्यांनी वरचा सात ओळींचा तक्ता आठवावा. फॉर्म्युला चालतो आणि उत्तर चुकतं, तेव्हा पकडायचं कुणी?

शीटच्या मर्यादेचा फटका २०२० मध्ये इंग्लंडला बसला. जुन्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ च ओळी मावतात. त्यापायी १५,८४१ कोविड रुग्णांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्या नाहीत. एवढी माहिती साठवायला डेटाबेस असतो, आणि तिथे क्रम सांभाळायची जबाबदारी तुमच्यावर राहत नाही. रोल नंबरला प्रायमरी की (प्रत्येक नोंदीची एकमेव ओळख) केलं की दोन गोष्टी होतात: तोच नंबर दुसऱ्यांदा टाकू दिला जात नाही, आणि त्याचा क्रमवार इंडेक्स (शोधायची सूची) तयार होतो. हा इंडेक्स बहुधा बी-ट्री प्रकारचा असतो. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्रेट यांनी तो १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. यात दर पायरीला दोनऐवजी शेकडो फाटे फुटतात. एका पानात (डिस्कवरून एका वेळी वाचल्या जाणाऱ्या तुकड्यात) ३०० नोंदी धरल्या तर तीन पातळ्यांत २ कोटी ७० लाख नोंदी मावतात, म्हणजे तीन पानं वाचून हवी ती नोंद हाती येते. नवी नोंद आली आणि पान भरलेलं असलं की त्याची दोन पानं होतात, मधली की वरच्या पानात जाते. तेही भरलं तर तेही फुटतं. म्हणून झाड सगळीकडे सारख्याच उंचीचं राहतं आणि क्रम कधी मोडत नाही.

पण इंडेक्सही शोधायच्या शब्दाची सुरुवात माहीत असेल तरच कामाचा. नावांवर इंडेक्स केला तर ‘पाटील’ने सुरू होणारी नावं तो चटकन देतो, नावात कुठेही ‘पाटील’ असलेली मागितली की क्रमाचा उपयोग संपतो आणि एकेक नोंद चाळावी लागते. माय-एसक्यूएल या डेटाबेसमध्ये क्वेरीच्या (माहिती मागणाऱ्या आज्ञेच्या) आधी ‘एक्सप्लेन’ लिहून पाहा. ‘टाइप’ कॉलममध्ये ‘ऑल’ आलं, तर अख्खा तक्ता वाचला जातोय.