झेलेंकाचे ओबो-सोनाटा

यान दिस्मास झेलेंका (1679–1745) या बोहेमियन संगीतकाराने दोन ओबो, एक बसून (ओबोच्याच जातीचे खालच्या सुरांचे फुंकवाद्य) आणि बास्सो कंटिन्यूओ (सतत चालणारी खालची साथीची ओळ) यांच्यासाठी रचलेले सहा सोनाटा, म्हणजे अनेक भागांच्या वाद्यरचना. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे 1721–22 च्या सुमारास ते लिहिले गेले. झेलेंकाच्या रचनांच्या सूचीत त्यांचा क्रमांक झेड.डब्ल्यू.व्ही. 181 आहे. बरोक काळात (साधारण 1600 ते 1750) ओबोसाठी कक्षसंगीत, म्हणजे दालनात मोजक्या वादकांनी वाजवायचे संगीत, भरपूर लिहिले गेले. कूपरँ, हँडेल, टेलेमान, विवाल्डी अशा सगळ्यांचा त्याला हातभार लागला. तरी वादकाचा इतका कस पाहणारे आणि त्याच्या मेहनतीचे इतके चीज करणारे दुसरे काही त्या भांडारात सापडणे कठीण आहे.

ओबो हे सनईच्या गोतावळ्यातले वाद्य. खाली रुंद होत जाणारी लाकडी नळी आणि तोंडाशी वेळूसारख्या पोकळ गवताच्या दोन पातळ पात्यांची जोडपत्ती, ही दोघांची समान ठेवण. युरोपात आधी शॉम नावाचे वाद्य होते, मोठ्या आवाजाचे, मिरवणुकीत आणि उघड्या मैदानात शोभणारे. सतराव्या शतकाच्या मध्यानंतर फ्रान्समध्ये, चौदाव्या लुईच्या दरबाराच्या आश्रयाने, त्याचा कायापालट झाला. ओतेतेर आणि फिलिदोर या वादक-कारागिरांच्या घराण्यांची नावे या बदलाशी जोडली जातात. नळी तीन तुकड्यांत घडवली जाऊ लागली, आतले छिद्र अरुंद झाले आणि पत्ती थेट ओठांत आली. ओठांच्या दाबाने सूर लहानमोठा करता येऊ लागला, तेव्हा ओबो व्हायोलिनच्या शेजारी बसून बोलू शकला. नाव मात्र जुनेच राहिले. फ्रेंच ‘ओबवा’चा अर्थ मोठ्या आवाजाचे लाकूड.

बरोक ओबोला जेमतेम दोन-तीन चाव्या, म्हणजे छिद्रे उघडण्या-झाकण्याच्या धातूच्या झडपा, असत. बाकी सारे बोटांवर. उदाहरणार्थ, बी-फ्लॅट, म्हणजे अर्ध्या पायरीने उतरवलेला बी, हा सूर काढताना पहिले छिद्र बंद, दुसरे मोकळे आणि तिसरे पुन्हा बंद ठेवावे लागते. अशा आडबोटांनी निघणारा सूर शेजारच्या सुरांपेक्षा किंचित झाकलेला, आत वळलेला लागतो. झेलेंकाचे सहाही सोनाटा फ्लॅट सुरांच्या स्वरपट्ट्यांत आहेत (मेजर आणि मायनर हे पट्टीचे दोन प्रकार): दोन एफ मेजरमध्ये, दोन जी मायनरमध्ये, एक बी-फ्लॅट मेजरमध्ये आणि शेवटचा सी मायनरमध्ये. त्यामुळे हे झाकले सूर सतत येतात. आजच्या भरपूर चाव्यांच्या ओबोवर सगळे सूर सारखे उजळ निघतात. जुन्या वाद्यावर तीच ओळ उजेड-सावलीतून चालत जाते, आणि जी मायनरच्या संथ भागांतली व्याकुळता तिथेच पुरती कळते.

दमाचा प्रश्न आणखी वेगळा आहे. ओबोवादकाचा श्वास सहसा संपत नाही, तो साचतो. पत्तीची फट इतकी बारीक की छातीतली हवा तिच्यातून पुरेशी जातच नाही. म्हणून संधी मिळाली की आधी वापरलेली हवा बाहेर टाकायची आणि मगच नवी घ्यायची, अशी दुहेरी कसरत करावी लागते. झेलेंका ही संधी फार क्वचित देतो. जलद भागांत त्याच्या ओळी पानेच्या पाने चालतात आणि एका ओबोने टाकलेला धागा दुसरा ओबो लगेच उचलतो.

या सोनाटांचा मूळ साचा ट्रायो सोनाटाचा. रूढ ट्रायो सोनाटात वर दोन स्वतंत्र आवाज असतात आणि खाली बासची ओळ. त्या ओळीवर हार्प्सिकॉर्ड (पियानोआधीचे पट्ट्यांचे वाद्य) किंवा ऑर्गन स्वरमेळ भरतो. बसून असला तर तो बहुधा ही बासचीच ओळ वाजवतो. झेलेंकाने त्याला या चाकरीतून मोकळे केले. त्याचा बसून दोन्ही ओबोंशी बरोबरीने वाद घालतो, त्यांचीच वळणे खालच्या सप्तकात घेतो, म्हणून प्रत्यक्षात हे चार आवाजांचे संगीत होते. झेलेंका स्वतः ड्रेस्डेनच्या दरबारी वाद्यवृंदात व्हिओलोने हे खर्जाचे तंतुवाद्य वाजवत असे. खालच्या आवाजाबद्दलची ही आस्था त्या अनुभवातून आली असावी. आवाज एकमेकांत गुंफण्याची विद्या त्याने व्हिएन्नात योहान योझेफ फुक्स याच्याकडे पक्की केली होती. तिथून तो 1719 मध्ये परतला आणि काही वर्षांतच हे सोनाटा झाले.

पाच सोनाटांना संथ-जलद-संथ-जलद असे चार भाग आहेत. पाचवा तेवढा तीन भागांचा, विवाल्डीच्या कॉन्चेर्टोंच्या (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्या रचनांच्या) वळणाचा. तिसऱ्यात पहिल्या ओबोच्या जागी व्हायोलिन आहे.

झेलेंकाला हयातीत हवे ते पद मिळाले नाही. दरबारचा संगीतप्रमुख हाइनिखेन 1729 मध्ये वारला. त्याच्या आजारपणात बरेचसे काम झेलेंकाने ओढले होते, तरी जागा योहान आडोल्फ हासे याला मिळाली. झेलेंकाच्या वाट्याला चर्च-संगीतकार ही पदवी आली. योहान सेबास्टियन बाख ज्या संगीतकारांना मानत असे त्यांत झेलेंका होता, हे बाखच्या मुलाने, कार्ल फिलिप इमान्युएल याने, नोंदवून ठेवले आहे. ड्रेस्डेनला जपलेल्या हस्तलिखितांतून हे सोनाटा विसाव्या शतकात छापून निघाले. पण त्यांना खरे श्रोते मिळाले ते 1970 च्या दशकात. हाइन्त्स होलिगर आणि मॉरिस बुर्ग (ओबो) व क्लाउस टूनेमान (बसून) यांनी आधुनिक वाद्यांवर केलेल्या ध्वनिमुद्रणाने ओबोवादकांमध्ये खळबळ उडवली. पुढे इटलीतील ‘झेफिरो’ या वृंदाने ते जुन्या धर्तीच्या वाद्यांवर ध्वनिमुद्रित केले.

ही दोन ध्वनिमुद्रणे शेजारी ठेवून ऐकावीत. नवख्या श्रोत्याला पाचवा सोनाटा सर्वांत लवकर आपलासा वाटेल, कारण त्यात बसूनच्या धावत्या ताना कान लगेच पकडतात. दुसऱ्या आणि चौथ्या सोनाटांतले संथ भाग मात्र दोन-तीनदा ऐकल्यावरच उलगडू लागतात.