जिवाणूंच्या पृष्ठभागावरील पॉलिसॅकराइडची रचना : नमुना पाठवणाऱ्या ग्राहकांसाठी माहिती

मेंदुज्वराला कारणीभूत असलेल्या मेनिंगोकॉकस जिवाणूच्या बी आणि सी या दोन्ही गटांचे कवच एकाच शर्करेच्या, म्हणजे सायलिक आम्लाच्या, लांब साखळीचे असते. बी गटात एका घटकाचा दुसरा कार्बन शेजारच्या घटकाच्या आठव्या कार्बनशी जोडलेला असतो, सी गटात नवव्याशी. सी गटाच्या पॉलिसॅकराइडपासून (म्हणजे शर्करांच्या या लांब साखळीपासून) लस तयार होते. बी गटाची साखळी मात्र माणसाच्या चेतापेशींवरही आढळत असल्याने शरीर तिला परके मानत नाही. त्यामुळे ‘नमुन्यात सायलिक आम्ल आहे’ एवढे सांगणारा अहवाल आम्ही अपुरा मानतो.

साखळीत पुन्हा पुन्हा येणारा घटक ओळखण्यासाठी आम्ही प्रथम नमुन्याचा थोडा भाग आम्लात तापवून शर्करा सुट्या करतो व गॅस क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्रीने त्या ओळखतो; प्रत्येक शर्करा डी आहे की एल, म्हणजे आरशातील प्रतिमांसारख्या दोन रूपांपैकी कोणती, हे वेगळे तपासतो. मग मेथिलीकरण येते. मोकळ्या हायड्रॉक्सिल गटांवर मेथिल बसवून साखळी तोडली, की ज्या कार्बनांवर मेथिल बसू शकला नाही, त्यांतूनच जोडाच्या जागा कळतात. न्यूमोनियाला कारणीभूत असलेल्या न्यूमोकॉकस जिवाणूच्या ६ए आणि ६बी या प्रकारांत ऱ्हॅम्नोज ही शर्करा रायबिटॉल या शर्करा-अल्कोहोलच्या तिसऱ्या कार्बनला जोडलेले आहे की चौथ्या, एवढाच भेद आहे. केवळ शर्करांची यादी पाहून तो कधीच दिसला नसता.

उरलेले काम एनएमआरचे, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांचे संकेत मोजणाऱ्या तंत्राचे. जड पाण्यात विरघळवलेल्या नमुन्यात साधारण ४.४ ते ५.५ पीपीएम (वर्णपटावरील स्थानाचे एकक) या पट्ट्यात बहुतेक शर्करांच्या पहिल्या कार्बनवरील हायड्रोजनचा संकेत दिसतो. ग्लुकोज किंवा गॅलॅक्टोज असेल, तर दुभंगलेल्या या संकेताच्या दोन शिखरांमधील अंतर जोडाची दिशा सांगते : सुमारे ८ हर्ट्झ असल्यास बीटा, ३-४ हर्ट्झ असल्यास अल्फा. मॅनोज आणि ऱ्हॅम्नोजच्या बाबतीत हा आधार चालत नाही, म्हणून तिथे कार्बन-हायड्रोजन युग्मन (पहिला कार्बन आणि त्यावरील हायड्रोजन यांचा एकमेकांच्या संकेतावरील परिणाम) मोजावे लागते : अल्फासाठी सुमारे १७० हर्ट्झ, बीटासाठी सुमारे १६०. शर्करांचा क्रम द्विमितीय वर्णपटांवरून ठरतो. द्रावण फार दाट असेल, तर संकेत पसरट होतात. अशा वेळी आम्ही नळीचे तापमान वाढवून मोजणी करतो.

ॲसिटाइल गटांविषयी, म्हणजे शर्करांना जोडलेल्या छोट्या रासायनिक गटांविषयी, आमची विशेष विनंती आहे. टायफॉइडच्या जिवाणूच्या कवचातील व्हीआय नावाच्या पॉलिसॅकराइडची रोगप्रतिकारक्षमता जागवण्याची शक्ती या गटांवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली आणि २०१० मध्ये बुर्किना फासोत प्रथम मोठ्या प्रमाणावर दिली गेलेली लस ज्या मेनिंगोकॉकस ए पॉलिसॅकराइडवर आधारलेली आहे, त्याचीही गोष्ट तीच. अल्कलीत हे गट सहज निघून जातात आणि एकदा गेले की मूळ रचना परत मिळवता येत नाही. ॲसिटाइल काढल्यावर वर्णपट सोपा होतो हे खरे. परंतु ते काम आम्ही मूळ नमुन्याचा वर्णपट नोंदवून झाल्यावरच करतो. म्हणून नमुना सोडियम हायड्रॉक्साइड किंवा अमोनियाच्या संपर्कात न आणता, शीतशुष्क करून (गोठवून निर्वातात सुकवून) पाठवावा. त्यात ट्रिस (आम्लता स्थिर ठेवणारे रसायन), ग्लिसरॉल वा सुक्रोज राहू देऊ नये. शुद्धीकरणात डेक्स्ट्रानपासून (ग्लुकोजच्या साखळीपासून) बनवलेला स्तंभ वापरला असल्यास तसे अवश्य कळवावे, कारण त्यातून निसटलेले ग्लुकोज अनेकदा जिवाणूचेच समजले जाते.