ऑलिम्पस पेन एफ

ऑलिम्पस पेन एफ हा जपानी फिल्म कॅमेरा, १९६३ साली बाजारात आला. हाताच्या पंजात मावतो, पण आहे पक्का एसएलआर, म्हणजे लेन्समधून दिसतं तेच फिल्मवर येतं आणि लेन्सही बदलता येते. एसएलआरच्या डोक्यावर असतं ते टेंगूळ मात्र याला नाही, वरून सपाट, त्यामुळे पहिल्यांदा बघणाऱ्याला पटतच नाही.

सगळी गंमत फ्रेमच्या साइजमधे आहे. रोल नेहमीचाच ३५ मिमीचा, पण फोटो निम्मा, १८ बाय २४ मिमी, म्हणून ३६च्या रोलमधे ७२ फोटो बसतात. हा निम्मा फोटो उभा पडतो, त्यामुळे कॅमेरा सरळ धरला की उभी चौकट दिसते आणि आडवा फोटो हवा असेल तर कॅमेराच उभा धरायचा. डिझायनर योशिहिसा माईतानी यांनी मग लेन्समधलं चित्र डोळ्याकडे वळवणारा आरसाही वर उचलला जाण्याऐवजी दारासारखा बाजूला उघडणारा केला, आणि चित्र पोरो प्रिझममधून, म्हणजे प्रकाश वळवणाऱ्या काचेतून, आडवाटेने डाव्या कोपऱ्यातल्या आयपीसपर्यंत, म्हणजे डोळा लावायच्या जागेपर्यंत, आणलं. टेंगूळ गेलं ते असं. शटरला पडदे नाहीत, टायटॅनियमची पातळ चकती फिरते, १/५०० सेकंदालाही पूर्ण फ्रेम एकदम उघडी असते म्हणून फ्लॅश कुठल्याही स्पीडला चालतो. पडद्यांचं शटर असलेल्या त्या वेळच्या कॅमेऱ्यांना हे जमत नव्हतं.

पहिल्या मॉडेलला दर फोटोमागे फिल्म पुढे सरकवायचा लिव्हर दोनदा ओढावा लागतो. १९६६च्या पेन एफटी मॉडेलमधे एकदाच, शिवाय आत प्रकाश मोजणारा मीटर आला, काटा ० ते ७ पैकी जो आकडा दाखवेल तोच लेन्सच्या रिंगवर लावायचा. पण मीटरसाठी आरशातूनच प्रकाश चोरलाय, त्यामुळे व्ह्यूफाइंडर अंधारा वाटतो, आणि त्याचा पाऱ्याचा सेल आता बनतही नाही. १९६७चा एफव्ही म्हणजे मीटर काढलेला एफटी, मला विचाराल तर वापरायला तोच बरा.

लेन्स झुइको नावाच्या, २० मिमीपासून थेट ८०० मिमीपर्यंत. नेहमीची ३८ मिमी एफ १.८, फुल फ्रेमच्या, म्हणजे नेहमीच्या पूर्ण फोटोच्या हिशोबात साधारण ५५ मिमी.

७२ फोटो लवकर संपत नाहीत, रोल धुवून येईपर्यंत सुरुवातीला काय काढलं होतं तेच आठवत नाही. लॅबवाल्याला आधी सांगितलं नाही तर तो दोन दोन फोटो एकत्र स्कॅन करून देतो, शेजारी शेजारी, मधे काळी पट्टी. काही जण आता मुद्दाम तशाच जोड्या काढतात.