उभ्या गाडीला काहीच होत नाही, घाटातच का दम लागतो?

परवा बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढताना मावसभावाच्या डिझेल गाडीने मधेच मान टाकली. गावात मस्त चालायली होती, सपाटीला ८० ला पण काही तक्रार नाही, अन् घाट लागला की पिकप गायब, अ‍ॅक्सिलेटर पार तळाला दाबला तरी आरपीएम दोन हजाराच्या वर सरकना. चार दिवस आधीच एका गॅरेजवर दाखवली होती, त्यांनी उभ्या गाडीला रेस करून बघितली अन् म्हणाले काही नाही भाऊ, इंजिन ओके आहे.

फ्युएल फिल्टर, म्हणजे टाकीतून इंजिनकडं जाणारं डिझेल-पेट्रोल गाळणारा फिल्टर, चोक असला तर उभ्या गाडीत तो सहसा कळतच नाही. का ते ठिबक सिंचनवाल्याला लगेच कळंल. ठिबकच्या फिल्टरला आधी एक अन् नंतर एक असे दोन प्रेशर गेज असतात ना, आता फिल्टर घाण आहे अन् एकच व्हॉल्व्ह थोडासा उघडलाय, तर दोन्ही काटे जवळपास सारखेच दिसतात. सगळे व्हॉल्व्ह खोला की फिल्टरनंतरचा काटा धाडकन खाली. म्हणजे फिल्टर किती प्रेशर खातो हे घाणीवर जसं आहे तसंच त्यातून किती पाणी जायलंय यावर पण आहे. हेन्री डार्सी नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने १८५६ मधे वाळूतून पाणी सोडून हाच हिशोब मांडला होता.

गाडी उभी असताना डिझेल इंजिन तासाला लिटरभराच्या आसपास पितं, भरल्या गाडीला घाटात त्याच्या कितीतरी पट लागतं. म्हणून पहिली खूण कायम लोडवरच दिसते, चढ, ओव्हरटेक, पाच माणसं अन् एसी चालू. त्याच्यानंतर मग सकाळी सेल्फ जास्त वेळ मारावा लागतो, मधेच झटके, अन् शेवटी शेवटी गाडी चालता चालता बंद. पेट्रोल गाडीत कधी कधी मागच्या सीटखालून टाकीतल्या पंपाचा कुईं आवाज वाढतो, बिचारा जोर लावत असतो.

आता पिकप गेला म्हणजे फ्युएल फिल्टरच असं पण नाही. आरपीएम वर जायलंय पण गाडी पळना, तर क्लच बघा. डिझेल गाडी काळा धूर ओकायली तर आधी एअर फिल्टर बघा, कारण तिथं हवा कमी पडायली, डिझेल नाही.

अन् हा फिल्टर साधी जाळी नाही बरं का. ठिबकची १२० मेशची (इंचाला १२० भोकांची) जाळी १३० मायक्रॉनच्या आसपासचा कण अडवते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन, अन् कॉमन रेल, म्हणजे हाय प्रेशरनं डिझेल फवारणाऱ्या, डिझेल गाडीचा फिल्टर ५ मायक्रॉनच्या आसपासचा कण पण धरतो. त्यामुळं कॉम्प्रेसरची हवा मारून तो साफ करायचा उद्योग अजिबात करू नका, फिल्टरमधला कागद फाटला की कचरा सरळ इंजेक्टरमधे, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलमधे, अन् इंजेक्टरचं बिल बघून माणसाला घाम फुटतो. हाय प्रेशर पंपाला वंगण पण त्याच डिझेलचं असतं, ते कमी पडलं की पंप घासतो. किती किलोमीटरला बदलायचा ते गाडीच्या पुस्तकात असतं, पण आपल्याकडं ट्रॅक्टरसाठी ड्रममधे भरून ठेवलेलं डिझेल अडीअडचणीला गाडीत पण ओततात, मग पुस्तकातला आकडा कशाला टिकतो.

मावसभावानं तेच केलं होतं, पावसाळाभर शेडमधे पडलेल्या ड्रममधलं वीस लिटर. दुसऱ्या मिस्त्रीनं फिल्टरच्या खालचा ड्रेन स्क्रू ढिला करून निघालं ते पाण्याच्या बाटलीत धरलं अन् बाटली बोनेटवर ठेवली. दोन मिनिटांत वर पिवळसर डिझेल अन् खाली बोटभर गढूळ पाणी, मधे काळपट शेवाळ्यासारखा थर, पाणी अन् डिझेल जिथं भेटतं तिथं जंतू वाढतात त्याचा. नवा फिल्टर बसवून डिझेलच्या लाइनमधली हवा गाडीच्या छोट्या हातपंपानं काढली, तिसऱ्या सेल्फला गाडी चालू झाली. मावसभाऊ बाटलीकडं बघतच बसला होता, म्हणला ह्या ड्रममधलं अजून शंभरेक लिटर राहिलंय की रे.