ओल, राख आणि आकडा

कापसाची ट्रॉली खरेदी केंद्रात शिरली की ग्रेडर आधी ढिगात कोपरापर्यंत हात घालतो. मग खिशातून छोटं यंत्र काढतो, त्याच्या सुया कापसात खुपसतो आणि पडद्यावर आकडा येतो. हमीभावाच्या खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, पुढच्या प्रत्येक टक्क्याला कपात, १२ च्या वर गेलं की माल परत. एका वर्षी दिवाळीनंतर माझ्या मामाचा कापूस एका मीटरवर १३ निघाला आणि दोन तासांनी दुसऱ्या ठिकाणी ११. ट्रॉली तीच, ताडपत्री तीच. तेव्हापासून कुठल्याही यंत्राचा आकडा कानावर पडला की मामा आधी विचारतो, "मीटर कोणाचं?"

सेन्सर हा शब्द रुळायच्या कितीतरी आधी खान्देशी माणसाची सेन्सरशी गाठ पडली ती अशी. सुयांमागचं तत्त्व साधं आहे. कोरडा कापूस विजेला अडवतो, ओला कापूस जाऊ देतो. किती अडलं त्यावरून ओलावा काढायचा. लाकडाच्या वखारीत हेच मीटर चालतं, आणि नव्या फ्लॅटची भिंत पहिल्याच पावसाळ्यात फुगली की तिलाही त्याच सुया लावतात. भिंतीच्या बाबतीत मात्र एक फसगत आहे. मीटरला पाणी कळत नाही, वीज कळते, आणि मिठानेही वीज वाहते. लोणा लागलेली भिंत आतून सुकली तरी मीटर तिला ओली म्हणतं. आपल्याकडे तर घराच्या डोक्यावरच खारी माती.

धाब्याचं घर ज्यांनी पाहिलंय त्यांना हे सांगायला नको. लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या, वर मातीचे थर, आणि पावसाळ्याच्या तोंडावर पसरलेली खारी. ती ओली झाली की फुगून भेगा बुजवते. गळती कुठे होणार हे घरातली म्हातारी माणसं छताच्या रंगावरून सांगायची. सारवण वाळलं का ते हाताची मागची बाजू टेकवून बघायची. गवंडी दोन विटा एकमेकींवर हाणायचा. खणखणीत वाजली तर भट्टीत नीट भाजलेली, भद्द वाजली तर बाजूला. चांगली वीट २४ तास पाण्यात बुडवली तर स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ नये, हे भारतीय मानकात नंतर छापलं गेलं. गवंड्याच्या कानाला ते आधीच ठाऊक होतं. एरंडोल तालुक्यातल्या फरकांड्याचे मनोरे तर एक हलवला की दुसरा डोलायचा. त्यातला एक पडला. बांधकामातून कंप कसा जातो हे दाखवणारी तेवढी जुनी जागा आपल्या भागात दुसरी नसावी, आणि आपण तिच्याकडे सहलीची जागा म्हणूनच पाहत आलो.

भिंत आणि हवा यांचा एकत्र विचार करून मोजायला बसलेला पहिला ठळक माणूस जर्मनीतल्या म्युनिकचा. माक्स फॉन पेटेनकोफर, पेशाने रसायनशास्त्रज्ञ. घरातली हवा कोंदट झाली हे नाकाला कळतं, पण किती कोंदट? त्याने खोलीतली हवा बेरियम हायड्रॉक्साइड विरघळवलेल्या पाण्यातून नेली. माणसाच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने ते पाणी गढूळ होतं. किती वायू मुरला ते मोजून खोलीत ताजी हवा किती येते याचा हिशेब त्याने मांडला. १८५८ मध्ये त्याने सांगितलेली मर्यादा, हवेच्या हजार भागांत एक भाग कार्बन डायऑक्साइड, आजही बंद खोल्यांच्या चर्चेत येते. हवा मोजायला भिंतीवर बसवायच्या डब्यांवर १००० हा आकडा (दहा लाख भागांत हजार, म्हणजे तेच प्रमाण) ओलांडला की पिवळा दिवा लागतो, त्याचं मूळ इथे.

याच पेटेनकोफरने विटेच्या एका बाजूने फुंकर मारून दुसऱ्या बाजूची मेणबत्ती विझवून दाखवली होती. वीट सच्छिद्र असते हे त्यातून दिसलं, ते खरंच. पण भिंती श्वास घेतात आणि घराची हवा त्यातूनच पुरेशी खेळते, हा त्याचा निष्कर्ष पुढे खोटा ठरला. हवा मुख्यतः दारं-खिडक्यांच्या फटींतून येत होती. मला या चुकीचं कौतुक वाटतं. मोजणं अचूक, अर्थ चुकलेला. सेन्सरच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा घडतं.

पेटेनकोफरनंतर दोन वाटा फुटल्या. भिंत इंजिनिअरांकडे गेली, हवा डॉक्टर आणि रसायनवाल्यांकडे.

भिंतीच्या वाटेवरचा मोठा टप्पा १९३८ चा. अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज या दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे स्ट्रेन गेज काढला: केसासारखी बारीक तार वस्तूला चिकटवायची, वस्तू ताणली की तार ताणली जाते आणि तिचा विद्युतरोध बदलतो. रूजला तो हवा होता भूकंपात पाण्याच्या उंच टाकीवर काय ताण येतो ते पाहायला. खान्देशात गावोगावी खांबांवर उभ्या टाक्या आहेत. त्यांच्या खालून जाताना मला हा माणूस आठवतो. त्याआधी काही वर्षं फ्रान्सच्या आंद्रे कोयनने धरणाच्या काँक्रीटमध्ये पोलादी तार ताणून पुरली होती. काँक्रीट दबलं की तारेचा ताण बदलतो आणि सूरही. तुणतुण्याची खुंटी पिळावी तसंच, फक्त खुंटी धरणाच्या हातात. हे तंत्र आजही धरणांत आणि पुलांत वापरतात.

१९४८ च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या अर्न्स्ट श्मिटने उसळीचा हातोडा काढला. काँक्रीटवर आपटायचा, दांडा किती मागे उसळतो ते पट्टीवर वाचायचं. त्याच दशकात कॅनडात आणि इंग्लंडमध्ये काँक्रीटमधून न ऐकू येणाऱ्या ध्वनीचा ठोका पाठवून तो पलीकडे कधी पोचतो ते मोजायला सुरुवात झाली. म्हणजे गवंड्याचा विटा वाजवण्याचा प्रयोगच, कानाऐवजी घड्याळ लावून. भारतीय मानकात या दोन्ही चाचण्या १९९२ मध्ये आल्या. तेव्हाचा निकष असा होता: ध्वनीचा वेग सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या वर असेल तर काँक्रीट उत्तम, तीनच्या खाली असेल तर संशयास्पद.

काँक्रीटच्या पोटात तापमान मोजणारी वायर सोडण्यामागचा विचारही त्याच काळातला. इंग्लंडमध्ये १९५० च्या आगेमागे असं मांडलं गेलं की काँक्रीट किती पक्कं झालं हे नुसत्या दिवसांवर ठरत नाही. त्या दिवसांत ते किती गरम राहिलं हेही मोजावं लागतं. जळगावच्या मे महिन्यात हा मुद्दा पुस्तकी राहत नाही. बाहेर ४५ अंश, खडी उन्हात तापलेली, पाण्याची टाकी तापलेली. ओतताना काँक्रीट ४० अंशांच्या आत असावं असं उन्हाळी कामाचं मानक सांगतं, म्हणून जाणता ठेकेदार स्लॅब पहाटे ओततो आणि खडीवर पाणी मारतो. अशा काँक्रीटची ताकद सुरुवातीला भराभर वाढते, पण शेवटी कमी भरते. सात दिवसांच्या क्यूबवर, म्हणजे ताकद तपासायला ओतलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यावर, खूश झालेला माणूस अठ्ठावीस दिवसांनी हिरमुसतो. पुरलेल्या वायरीने निदान ओतल्यानंतर आत काय घडलं ते दिसतं.

हवेच्या वाटेवर सुरुवात खाणीतून झाली. विषारी वायूने माणसाआधी कोसळणारा पिंजऱ्यातला कॅनरी पक्षी हा तिथला सेन्सर होता, आणि ब्रिटनच्या खाणींतून तो १९८६ मध्ये निवृत्त झाला. वायूचा आजच्या अर्थाने स्वस्त सेन्सर जपानचा. नाओयोशी तागुची यांनी १९६२ मध्ये टिन ऑक्साइडच्या सेन्सरचं पेटंट मागितलं आणि १९६८ पासून तो घरगुती गॅसगळतीसाठी मोठ्या प्रमाणावर बनू लागला. टिन ऑक्साइडचा कण तापवून ठेवला की हवेतला ऑक्सिजन त्याला चिकटतो आणि विजेची वाट अडवतो. ज्वलनशील वायू आला की तो ऑक्सिजन खाऊन टाकतो आणि वाट मोकळी होते. इंजिनिअरिंगच्या मुलांच्या प्रकल्पात मधोमध जाळी असलेलं जे चंदेरी टोपण दिसतं, ते याच घराण्यातलं.

धुळीचं मोजमाप वेगळ्या खोलीतलं. भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडलने १८६० च्या दशकात प्रकाशाच्या झोतात हवेतले कण चमकताना दाखवले होते. आपण ते दुपारी कवाडाच्या फटीतून रोज पाहतो. तरी सरकारी मोजणी शतकभर वजनावरच चालली. गाळणी घ्या, वजन करा, २४ तास हवा ओढा, पुन्हा वजन करा. लंडनच्या डिसेंबर १९५२ च्या धुरक्यात हजारो माणसं गेली आणि जगाने हे वजन गंभीरपणे घ्यायला सुरुवात केली. भारतात नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने १९७८ मध्ये दहा शहरांत मोजणी सुरू केली, १९८१ मध्ये हवेचा कायदा आला, १९८४ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं जाळं आग्रा आणि अनपरा इथल्या सात केंद्रांपासून सुरू झालं. आठवड्यातून दोन दिवस, वर्षाला १०४ दिवस. उरलेल्या २६१ दिवसांत काय उडालं ते गाळणीला माहीत नाही. पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनहून बारीक कण, आपल्या मानकात २००९ मध्ये आले: घनमीटर हवेत २४ तासांसाठी ६० मायक्रोग्रॅम, वर्षाच्या सरासरीसाठी ४०. जानेवारी २०१९ च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात महाराष्ट्रातल्या शहरांच्या यादीत जळगावचं नाव आलं. धुळ्याचं नव्हतं, गावाच्या नावावरून झालेले विनोद इथे सोडून देतो.

भुसावळजवळच्या दीपनगरला या दोन वाटा पुन्हा भेटतात. भारतीय दगडी कोळशात राख ३० ते ४५ टक्के. औष्णिक केंद्राचे ५०० मेगावॅटचे दोन संच चालतात म्हणजे रोज केवढी राख निघते याची कल्पना करा. पूर्वी ती बंधाऱ्यात जायची, वाळायची आणि वाऱ्याबरोबर आसपासच्या शिवारात उतरायची. पानावर बोट फिरवलं की रेघ उमटायची. सप्टेंबर १९९९ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने औष्णिक केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या वीटवाल्यांना मातीत किमान २५ टक्के राख मिसळणं बंधनकारक केलं. २००३ मध्ये हे अंतर १०० किलोमीटर झालं. भट्टीत न जाणाऱ्या राखाडी विटाही आल्या. चिमणीतून गेली तर प्रदूषण, विटेत गेली तर घर, अशी राखेची दोन आयुष्यं. २०१४ मध्ये केंद्रीय मंडळाने मोठ्या प्रदूषक उद्योगांना चिमणीतच सतत मोजणारी यंत्रं बसवून आकडे थेट पाठवायला सांगितलं. चिमणीच्या आत एका बाजूने प्रकाश सोडायचा, दुसऱ्या बाजूला किती पोचला ते पाहायचं. टिंडलचीच दुपार.

चिमणी मोजली जाते, पण बंधाऱ्यावरून किंवा उघड्या डंपरमधून उडालेली राख चिमणीत नसते. तिथे आता लोक ऑनलाइन मागवलेले, धूळ मोजणारे छोटे डबे घेऊन उभे राहतात. मीही घेतला. आत बोटभर पंखा, लेसर आणि प्रकाश टिपणारा डोळा. बारीक कणांना, म्हणजे धुराला, तो तिखट आहे: मामीने मिरचीचा ठेचा परतला की पीएम २.५ दीडशेवर. पण दहा मायक्रॉनच्या जाड धुळीचा जो आकडा तो दाखवतो, तो बराचसा अंदाज असतो. जाड कण त्याच्या डोळ्यापुढून नीट जातच नाहीत; बारीक कणांवरून हिशेबाने ती ओळ भरलेली असते. मे महिन्यातली वावटळ अंगणातून जाते, डोळ्यांत माती जाते, दातांत कचकच होते आणि डबा शांत. खान्देशची मुख्य तक्रार जाड धुळीची, आणि स्वस्त सेन्सर तिथेच आंधळा.

उलट हिवाळ्याच्या पहाटे, यावलकडे केळीच्या बागेशेजारी, काहीही जळत नसताना आकडा चढतो. दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात आणि लेसरला मोठे दिसतात. टिन ऑक्साइडवाल्या सेन्सरचंही तसंच. घरात कूलर सुरू केला की दमटपणा वाढतो आणि वायूचा आकडा सरकतो. मुलं म्हणतात प्रदूषण वाढलं. यंत्र खोटं बोलत नाही, पण दमटपणाचा सेन्सर शेजारी ठेवून त्याचा हिशेब वजा करावा लागतो. केळी पिकवण्याच्या खोल्यांत हे शिस्तीने होतं. तिथे फळ पिकवणारा इथिलीन वायू किती, कार्बन डायऑक्साइड किती साचला, दमटपणा किती, सगळं एकत्र पाहतात, कारण चुकलं तर लाखोंची केळी डागाळतात. माणसं झोपतात त्या खोलीसाठी तेवढी काळजी कोणी घेतलेली मी अजून पाहिलेली नाही.

डबा गच्चीवर लावला तेव्हा मामा कठड्याला टेकून बघत होता. पडद्यावर ८७ होतं. मी त्याला मानक सांगितलं, ६० सांगितलं, पीएम म्हणजे काय ते सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "याच्या शेजारी दुसरा ठेवून बघितला का?"

दुसरा पुढच्या महिन्यात मागवला. एकाच खिळ्याला, एकाच उंचीवर टांगलेत दोन्ही. बहुतेक दिवशी आठ-दहाचा फरक असतो.