रिव्हेट मारण्याआधी: पत्र्याची कड आणि भोक

घरी विमान बांधणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

अंबड एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमधून तुम्ही रिब (पंखाच्या आतल्या फासळ्या), ब्रॅकेट आणि पंखाचे पत्रे कापून नेता. आम्ही माप अचूक देतो, पण पुढची तयारी तुमच्या हातात असते. नाशिककरांना विमानाचं काम नवं नाही. ओझरला मिग-२१ बनली, मग सुखोई-३० बनली. तिथे कडेची जी काळजी घेतात, तीच तुमच्या दोन सीटच्या विमानालाही हवी.

कापलेल्या कडेवर बर, म्हणजे धातूची बारीक खरखरीत धार राहते, हाताला जेमतेम जाणवेल एवढी. पण हवेत पंख सतत वाकतो आणि सरळ होतो, इंजिनाची थरथर चालूच असते. सगळा ताण त्या बारीक दात्याशी गोळा होतो आणि तडा तिथूनच निघतो. म्हणून बारीक दातांची कानस कडेच्या लांबीला धरून चालवा. आडवी घासलीत तर एक खूण जाऊन दहा नव्या पडतात. मग ४०० नंबरचा पॉलिश पेपर, तोही लांबीलाच. शेवटी कापसाचा बोळा कडेवरून हलकेच फिरवा. एक तंतू जरी अडकला, तरी तिथे पुन्हा पेपर मारा. 

३.२ मिमी रिव्हेटसाठी (पत्रे कायमचे जोडणारा धातूचा खिळा) भोक सुरुवातीला थोडं लहान पाडा. दोन्ही पत्रे क्लेकोने (भोकात बसणारी तात्पुरती स्प्रिंगची पकड) जोडा, मग एकत्रच सुमारे ३.३ मिमीपर्यंत मोठं करा. भोकाचं केंद्र कडेपासून किमान ६.४ मिमी, म्हणजे रिव्हेटच्या व्यासाच्या दुप्पट आत हवं. त्यानंतर जोड सुटा करा. कंटाळा येतो, पण दोन पत्र्यांमध्ये अडकलेला बुरादा आणि बर दुसऱ्या कुठल्याच वाटेने निघत नाही. बर काढायचं अवजार हातानेच फिरवा, दोन-तीन हलक्या फेऱ्या पुरेत. ड्रिल मशीन लावलंत तर ०.६ मिमीच्या पत्र्यात भोकाची कड सुरीसारखी पातळ होते. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाईत बोइंग ७३७ चं छत उडत्या विमानातून फाटून गेलं. तिथे तडे काउंटरसिंक केलेल्या (रिव्हेटचं डोकं आत बसावं म्हणून तोंड तिरकं कोरलेल्या) भोकांच्या अशाच धारदार कडांपासून निघाले होते. पातळ पत्र्याला काउंटरसिंक करू नका, डिंपल करा, म्हणजे न कोरता भोकाभोवतीचा पत्रा दाबून खोलगट करा.

मार्किंगला स्क्राइबर (धातूवर रेघ कोरणारी टोकदार सळई) नको, पेन्सिलही नको. पेन्सिलीतलं ग्राफाइट ॲल्युमिनियमला गंजवतं. बारीक मार्कर वापरा. सुरुवातीला आमच्याच एका रिबच्या घडीवर स्क्राइबरची रेघ राहिली आणि वाकवताना पत्रा नेमका त्या रेघेवर फाटला. तेव्हापासून ॲल्युमिनियमच्या टेबलावर स्क्राइबर ठेवतच नाही. लोखंडावर वापरलेला ब्रश, कानस, पेपरही वेगळे ठेवा. त्यांचे कण पत्र्यात रुततात आणि तिथे गंज धरतो.

पावसाळ्यात एक गोष्ट विसरू नका. पत्र्यावरची प्लास्टिक फिल्म महिनोन्‌महिने तशीच ठेवली तर तिच्याखाली ओल धरते आणि पांढरे डाग उठतात. भाग कोरड्या खोलीत, उभे ठेवा. प्रायमर मारण्याआधी पत्रा स्वच्छ पुसा आणि मग उघड्या बोटांनी हात लावू नका.

पार्सल उघडल्यावर नख फिरवून बघा. ओरखड्यात नख अडकलं तर तो भाग बसवू नका. आमच्याकडे परत आणा, आम्ही पैसे न घेता नवा कापून देऊ.