गोळीकडून तांबीकडे: शरीरात नेमके काय बदलते?

गर्भनिरोधक गोळ्या सोडून तांबी बसवून घेतलेल्या स्त्रियांच्या तक्रारी साधारण सारख्याच असतात. अंगावरून जास्त जाऊ लागले, पाळीत पोट दुखू लागले, चेहऱ्यावर पुन्हा मुरमे आली, आणि या सगळ्याचे खापर तांबीवर फुटते. यांपैकी काही त्रास खरोखरच तांबीमुळे होतात, पण काही त्रासांशी तिचा संबंध नसतो आणि ते गोळी थांबल्यामुळे सुरू झालेले असतात. या बदलात जवळजवळ एकाच वेळी दोन स्वतंत्र गोष्टी घडतात: एक औषध शरीरातून निघून जाते आणि एक वस्तू गर्भाशयात येते. त्या दोन्ही वेगवेगळ्या समजून घेतल्या, तर कोणत्या त्रासावर काय करायचे हे ठरवणे बरेच सोपे जाते.

नेहमीच्या संयुक्त गोळीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन अशी दोन संप्रेरके असतात. ती रोज ठरावीक मात्रेत रक्तात येत राहिल्याने मेंदूतील पीयूषिका ग्रंथीकडून बीजांडकोशाला जाणारे संदेश मंदावतात आणि बीज बाहेर पडत नाही. त्याबरोबरच गर्भाशयमुखातील स्राव घट्ट होतो आणि गर्भाशयाचे अस्तर पातळ राहते. एकवीस गोळ्या संपल्यावर सात दिवसांच्या खंडात जो रक्तस्राव होतो, ती खऱ्या अर्थाने पाळी नसते. संप्रेरकांचा पुरवठा थांबल्यामुळे ते पातळ अस्तर गळून पडत असते. म्हणूनच हा रक्तस्राव ठरल्या दिवशी येतो, थोडा असतो आणि फारसा दुखत नाही. गोळीचा आणखी एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. इस्ट्रोजेनमुळे यकृत एक प्रथिन जास्त प्रमाणात तयार करते आणि ते प्रथिन रक्तातील, मुरमे वाढवणाऱ्या टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाला बांधून ठेवते. त्यामुळे अनेकींची मुरमे गोळी सुरू असेपर्यंत आटोक्यात राहतात, आणि गोळी बंद झाल्यावर काही आठवड्यांत वा महिन्यांत परत येऊ शकतात, मग त्यानंतर तांबी बसवलेली असो वा नसो.

तांबीचे काम मात्र जवळजवळ पूर्णपणे गर्भाशयाच्या आतच चालते. गर्भाशयात तांबे ठेवले तर गर्भधारणा टळते, हे चिलीतील डॉक्टर हायमे झिपर यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस सशांवरील प्रयोगांत दाखवले, आणि अमेरिकेतील हॉवर्ड टेटम यांच्या इंग्रजी टी आकाराच्या प्लॅस्टिकच्या साधनावर तांब्याची तार गुंडाळून आजच्या कॉपर-टीचा जन्म झाला. आज सर्वाधिक प्रचलित असलेल्या कॉपर-टी ३८० मधील आकडा तांब्याच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये सांगतो. या तांब्यातून सुटणारे आयन, म्हणजे विद्युतभारित सूक्ष्म कण, शुक्राणूंना निकामी करतात, शिवाय गर्भाशयात जंतुसंसर्गाविना एक सौम्य दाह निर्माण होतो आणि त्या वातावरणात शुक्राणू टिकत नाहीत. बहुतेक वेळा फलनच होत नाही. रक्तात कोणतेही संप्रेरक जात नसल्यामुळे बीज दर महिन्याला बाहेर पडते आणि स्वतःचे चक्र पुन्हा सुरू होते.

अडचण नेमकी येथेच येते. गोळीने रक्तस्राव कमी केलेला असतो, तर तांबीने तो मूळ पाळीच्या तुलनेत वाढतो आणि ही वाढ काही जणींमध्ये निम्म्यापर्यंत जाते. थेट गोळीवरून तांबीवर आलेल्या स्त्रीला म्हणूनच हा फरक दुप्पट जाणवतो, कारण तिच्या मनातली तुलना गोळीच्या काळातल्या तुरळक रक्तस्रावाशी असते. तांबी बसवण्यापूर्वी विचारायचा सर्वांत उपयोगी प्रश्न, माझ्या मते, हा आहे: गोळी सुरू करण्याआधी पाळी कशी होती? ती मुळातच जड आणि दुखरी असेल, गोळी त्याचसाठी सुरू केली असेल किंवा रक्तक्षय असेल, तर तांब्याच्या साधनाचा निर्णय पुन्हा तपासून पाहावा. ज्यांची पाळी पूर्वीपासून हलकी होती, त्यांना पहिले तीन ते सहा महिने काढल्यावर सहसा फार जड जात नाही. त्या काळात आयब्युप्रोफेनसारख्या औषधाने, ते चालत असेल तर, वेदना आणि रक्तस्राव दोन्ही कमी होतात.

जड पाळी असणाऱ्यांसाठी दुसरा पर्याय संप्रेरकयुक्त आययूडीचा आहे (आययूडी म्हणजे गर्भाशयात बसवायचे साधन; तांबी हाही त्याचाच एक प्रकार). हे साधन १९९० साली प्रथम फिनलंडमध्ये बाजारात आले. त्याच्या मोठ्या प्रकारात ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे प्रोजेस्टोजेन असते आणि सुरुवातीला त्यातून रोज सुमारे २० मायक्रोग्रॅम बाहेर पडते. त्याचा प्रभाव मुख्यतः गर्भाशयाच्या अस्तरावर आणि गर्भाशयमुखाच्या स्रावावर होतो. पहिले काही महिने अधूनमधून डाग पडतात, पुढे रक्तस्राव घटत जातो, आणि वर्षभराने साधारण पाचांतील एका स्त्रीची पाळी येतच नाही. हा साधनाचा अपेक्षित परिणाम आहे, आजार नव्हे. पण यात इस्ट्रोजेन नसल्यामुळे गोळीने दबलेली मुरमे येथेही परत येऊ शकतात.

आता वेळेचा प्रश्न. गोळी आधी बंद करायची, पाळी येऊ द्यायची आणि मग आययूडी बसवायची, असा क्रम अनेक जणी मनाशी धरतात. तो आवश्यक नाही, उलट धोक्याचा ठरू शकतो. गोळ्या नियमित चालू असतील आणि गर्भ नसल्याची खात्री असेल, तर साधन कोणत्याही दिवशी बसवता येते. तांब्याचे साधन बसवल्या क्षणापासून काम करते. संप्रेरकयुक्त साधनाला मात्र, रक्तस्राव सुरू होऊन सात दिवसांहून अधिक काळ लोटला असेल, तर पूर्ण प्रभावी होण्यासाठी सात दिवस द्यावे लागतात. त्यामुळे सर्वांत सोपा मार्ग म्हणजे साधन बसेपर्यंत गोळी न चुकवता घेणे आणि साधन संप्रेरकयुक्त असेल तर पुढचे सात दिवसही ती चालू ठेवणे. खरी चूक होते ती सात दिवसांच्या खंडात: खंड संपला, साधन दोन दिवसांनी बसणारच आहे, म्हणून नवे पाकीट उघडले जात नाही, मग ठरलेली वेळ पुढे जाते आणि खंड दहा दिवसांवर पोहोचतो. या खंडातच बीजांडकोशाला पुन्हा जाग येत असते, म्हणून तो लांबवणे हे मधल्या दोन-तीन गोळ्या विसरण्याइतकेच, किंबहुना अधिक, जोखमीचे असते.

साधन बसवण्याला काही मिनिटे लागतात. गर्भाशयमुख एका चिमट्याने स्थिर धरले जाते, बारीक सळईने गर्भाशयाची खोली मोजली जाते, नळीत दुमडलेले साधन आत नेऊन सोडले जाते आणि त्याचे दोन हात उघडतात. शेवटी खाली लोंबणारे धागे कापून दोन-तीन सेंटिमीटर ठेवले जातात. चिमटा लावताना आणि सळई आत जाताना कळ येते. ती कुणाला चिमटीएवढी वाटते, तर कुणाला घेरी आणते. ‘काही दुखत नाही’ असे सरसकट सांगणे अप्रामाणिकपणाचे आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या २०२४ मधील मार्गदर्शक सूचनांतही लिडोकेनने गर्भाशयमुख बधिर केल्यास वेदना कमी होऊ शकतात, असे नमूद आहे. तेव्हा ही सोय आधीच विचारून घ्यावी.

या खटाटोपाचा लाभ आकड्यांत दिसतो. प्रत्यक्ष वापरात गोळी घेणाऱ्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे सात जणींना वर्षभरात गर्भ राहतो. दोन्ही प्रकारच्या आययूडींमध्ये हे प्रमाण शंभरात एकापेक्षा कमी आहे, कारण तेथे रोज आठवण ठेवण्याचा भाग उरत नाही. डोळ्यांपुढे चमक येणारी अर्धशिशी, उच्च रक्तदाब, पूर्वी झालेल्या रक्ताच्या गुठळ्या किंवा पस्तिशीनंतरचे धूम्रपान यांमुळे ज्यांना इस्ट्रोजेन टाळायचे असते, त्यांच्यासाठी हा बदल विशेष हिताचा ठरतो. विल्सनचा आजार (ज्यात शरीरात तांबे साठत जाते) असणाऱ्यांनी मात्र तांब्याचे साधन घेऊ नये. लैंगिक संसर्गापासून यांपैकी एकही साधन संरक्षण देत नाही, तेथे कंडोमच लागतो.

साधारण वीसांत एका स्त्रीचे साधन आपोआप सरकते वा बाहेर पडते, आणि बहुतेक वेळा हे पहिल्या वर्षातच होते. धागे लागेनासे झाले, एकदम लांब वाटू लागले किंवा प्लॅस्टिकचे टोक बोटाला लागले, तर तपासणी होईपर्यंत कंडोम वापरावा. साधन असूनही गर्भ राहणे क्वचित घडते, पण राहिलाच तर तो गर्भाशयाबाहेर, गर्भनलिकेत असण्याची शक्यता एरवीपेक्षा जास्त असते. म्हणून पाळी चुकून एका बाजूला पोट दुखू लागले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. पुढे कधी साधन काढून परत गोळीवर यायचे झाले, तर शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जगू शकतात हे लक्षात घेऊन, गोळी साधन काढण्याच्या किमान सात दिवस आधी सुरू करावी.